वैमानिकाची चूक : एका निष्कर्षाची चिकित्सा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान खासगी विमान कोसळले की त्याची बातमी पहिल्या पानावर येते. चौकशीचा निष्कर्ष मात्र वर्ष-दीड वर्षाने आतल्या पानावर चार ओळींत येतो, आणि त्या चार ओळींपैकी वाचकाच्या लक्षात दोनच शब्द राहतात : वैमानिकाची चूक. हे दोन शब्द वाचले की सर्वांचेच समाधान होते. विमान बनविणारा सुटतो, विमान भाड्याने देणारा सुटतो, भाड्याने घेणारा तर केवळ दुर्दैवी ठरतो. आणि ज्याच्यावर ठपका येतो तो बहुधा उत्तर द्यायला हयात नसतो. प्रस्तुत विवेचनाचा हेतू वैमानिकांचे वकीलपत्र घेण्याचा नाही. चुका होतात आणि त्या माणसेच करतात, हे निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच आहे की, 'चूक' हा शब्द उच्चारल्यावर चौकशी संपते की तेथून सुरू होते?

चळवळीत वावरणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराविषयी, गाडी रुळांवरून घसरलेल्या मोटरमनविषयी, घाटात एस.टी. उलटलेल्या चालकाविषयी हेच शब्द वापरले जातात. विमानाचे उदाहरण घ्यावयाचे ते अशासाठी की, त्या क्षेत्रात अपघाताची तपशीलवार लेखी चौकशी करण्याची आणि ती प्रसिद्ध करण्याची परंपरा अनेक देशांत रुजली आहे. गिरणीच्या खात्यात किंवा गटाराच्या तोंडाशी जे अंदाजाने सांगावे लागते, ते येथे कागदोपत्री दाखविता येते.

उतरण्याचे गणित

विमान आकाशात असते तोवर उंची ही वैमानिकाची शिल्लक असते. काही बिघडले तर ती खर्च करून वेळ विकत घेता येतो. उतरताना ही शिल्लक हेतुपुरस्सर संपवावी लागते, आणि त्याच वेळी वेगही कमी करावा लागतो. वेग फार ठेवला तर धावपट्टी पुरत नाही : वेगात दहा टक्क्यांची वाढ झाली तर विमानातील गतिज ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते, आणि ती सारी ब्रेकांनी व चाकांनी जिरवावी लागते. ओल्या धावपट्टीवर ते अधिकच कठीण होते. उलट वेग फार कमी झाला तर पंखांवरून वाहणारी हवा पंखांना उचलून धरीनाशी होते आणि विमान दगडासारखे खाली येते.

लहान विमानांच्या बाबतीत या दुसऱ्या संकटाची एक ठरावीक जागा आहे. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वैमानिक शेवटचे वळण घेतो. मागून वारा असेल तर तो रेषेच्या पलीकडे जातो आणि ते सावरण्यासाठी विमान अधिक कलवतो. विमान साठ अंशांनी कलवून उंची राखावयाची तर पंखांवरील भार दुप्पट होतो, आणि ज्या वेगाला पंख साथ सोडतात तो वेग सुमारे एक्केचाळीस टक्क्यांनी वाढतो. एरवी सुरक्षित असलेला वेग त्या क्षणी अपुरा ठरतो. जमीन दीड-दोनशे मीटरांवर असते. सावरण्याइतकी उंची उरलेली नसते.

यावरचा उपाय प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला पहिल्या काही आठवड्यांतच शिकविला जातो : रेषा चुकली, वेग चुकला, धावपट्टी दिसली नाही, तर इंजिनाला पूर्ण शक्ती द्यावी, वर जावे आणि फेरी घेऊन पुन्हा यावे, तेही जमत नसेल तर दुसऱ्या विमानतळाकडे वळावे. उपाय सोपा आहे, सर्वांना ठाऊक आहे, त्याला नवे यंत्र लागत नाही. असे असूनही माणसे उतरण्याचाच हट्ट का धरतात? या 'का'चे उत्तर उड्डाणशास्त्रात मिळत नाही. ते त्या निर्णयाची किंमत कोणाला मोजावी लागते, या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नात मिळते.

कारखान्यात तयार झालेली चूक

त्यापूर्वी एका वेगळ्या प्रकारच्या चुकीकडे पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यानंतर, धावपट्टीवर असतानाच, चाके आत ओढून घेत आणि विमान पोटावर बसे. प्रत्येक वेळी नोंद एकच : वैमानिकाची चूक. आल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना तपासण्याआधी त्यांची बसण्याची जागा तपासली. चाकांची कळ आणि पंखांमागील झडपांची कळ शेजारी शेजारी होत्या, आकारानेही सारख्या होत्या. थकलेल्या माणसाचा हात एकीऐवजी दुसरीवर पडत होता. उपाय म्हणून चाकांच्या कळीला चाकासारखी आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखी मूठ बसविली गेली, आणि त्या चुका थांबल्या. वैमानिक तेच होते. बदलली होती ती मूठ.

पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदलेल्या ४६० प्रसंगांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. एका यंत्राऐवजी दुसरे वापरणे, कळ उलट दिशेला फिरविणे, हात न पोचणे अशा प्रकारांत त्यांची विभागणी करता आली. स्वैर निष्काळजीपणाला अशी सुबक वर्गवारी नसते. अनेक माणसे एकाच जागी एकाच पद्धतीने चुकत असतील, तर दोष त्या जागेत शोधावा लागतो.

हा धडा खासगी विमानांच्या उद्योगाने लगेच घेतला नाही. अमेरिकेतील श्रीमंत हौशी वैमानिकांत लोकप्रिय असलेल्या बीचक्राफ्ट बोनान्झा आणि बॅरन या विमानांत चाकांची आणि झडपांची कळ इतर विमानांत असते त्याच्या उलट बाजूस होती. दुसऱ्या विमानावर शिकलेला माणूस उतरल्यावर सवयीने झडपांची म्हणून जी कळ ओढी, ती चाकांची निघे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० मध्ये या अपघातांचा विशेष अहवाल काढला आणि ते रचनेतून उद्भवलेले अपघात आहेत, असे शीर्षकातच म्हटले. कंपनीने मांडणी बदलली ती त्या दशकाच्या मध्यास. युद्धकाळात सापडलेले उत्तर बाजारात पोचण्यास चाळीस वर्षे लागली, कारण चुकीचा खर्च कंपनीच्या जमाखर्चात येत नव्हता; तो वैमानिकाच्या नावावर पडत होता.

ॲस्पेनची संध्याकाळ

आता निर्णयाच्या किमतीकडे वळू. २९ मार्च २००१ रोजी लॉस एंजेलिसहून एक गल्फस्ट्रीम-३ जातीचे भाड्याचे खासगी जेट कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेनकडे निघाले. ॲस्पेन हे डोंगरांनी वेढलेले, बर्फावरील खेळांसाठी प्रसिद्ध असे धनिकांचे गाव आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. विमानात पंधरा प्रवासी, दोन वैमानिक आणि एक परिचारिका असे अठरा जण होते.

प्रवासी उशिरा आल्यामुळे विमान सुमारे चाळीस मिनिटे उशिरा निघाले. ॲस्पेनला आवाजाच्या कारणास्तव अशा विमानांना सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत उतरण्याचे बंधन होते. त्या दिवशी ती वेळ सायंकाळी ६ वाजून ५८ मिनिटे होती. उशीर झाला तर विमान रायफल या जवळच्या गावी उतरवावे लागेल, अशी शक्यता वैमानिकाने निघण्यापूर्वीच बोलून दाखविली होती. रायफलपासून ॲस्पेन मोटारीने दोन तासांच्याही आत आहे. परंतु ही शक्यता विमान भाड्याने घेणाऱ्या ग्राहकाच्या कानी गेली तेव्हा तो संतापला. विमान दुसरीकडे वळविले जाणार नाही, असा निरोप त्याच्या कार्यालयामार्फत कंपनीला पोचला आणि कंपनीकडून वैमानिकाला. ग्राहकाने त्या रात्रीच्या मेजवानीवर मोठी रक्कम खर्च केली आहे, असा उल्लेख विमानातील ध्वनिमुद्रकावर वैमानिकाच्याच तोंडून नोंदला गेला आहे. अखेरच्या टप्प्यात एक प्रवासी वैमानिकांच्या मागच्या आसनावर येऊन बसला होता.

बाहेर बर्फ पडत होते, अंधार झाला होता. आधीची काही विमाने धावपट्टी न दिसल्याने वर निघून गेली होती. या विमानतळाकडे येण्याच्या ज्या मार्गाचा वापर होत होता त्यावर रात्री उतरण्यासंबंधी निर्बंध घालणारी सूचना विमान वाहतूक प्रशासनाने दोनच दिवस आधी काढली होती. पण तिची शब्दरचना संदिग्ध होती आणि ती ॲस्पेनच्या नियंत्रण कक्षाला कळविलीच गेली नव्हती. ज्या उंचीखाली धावपट्टी स्पष्ट दिसल्याशिवाय जाऊ नये, त्या उंचीखाली विमान गेले. सहवैमानिकाने हटकले नाही. सात वाजून दोन मिनिटांच्या सुमारास विमान धावपट्टीच्या अलीकडे टेकडीच्या उतारावर आदळले. अठराही जण मरण पावले.

सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रमुख कारण म्हणून त्याने वैमानिकांची कृतीच नोंदली : धावपट्टी योग्य रीतीने दिसत नसताना ठरलेल्या उंचीखाली विमान नेणे. परंतु मंडळ तेथे थांबले नाही. सहायक कारणांत त्याने प्रशासनाची संदिग्ध सूचना, ती नियंत्रण कक्षाला न कळविण्याची हयगय, अंधार आणि हवामान यांबरोबरच ग्राहकाकडून आणि वेळेच्या बंधनामुळे वैमानिकावर आलेले दडपणही नोंदले. एका शासकीय संस्थेने ग्राहकाच्या संतापाला अपघाताच्या कारणांत स्थान दिले, ही गोष्ट सामान्य नाही.

या प्रसंगातील हिशेब मांडून पाहावा. रायफलला वळण्याचा खर्च काय होता? मेजवानीला उशीर, ग्राहकाची नाराजी, कंपनीचे कदाचित एक गिऱ्हाईक आणि वैमानिकाची कदाचित नोकरी. हा खर्च निश्चित होता, त्याच रात्री वसूल होणारा होता आणि तो बव्हंशी पगारी नोकरावर पडणार होता. खाली उतरण्याचा धोका मात्र अनिश्चित होता. कदाचित ढग फाटले असते, कदाचित दिवे दिसले असते. निश्चित तोटा आणि अनिश्चित संकट यांत निवड करावयाची वेळ आली की माणूस बहुधा संकटाचा जुगार खेळतो. आदेश देणाऱ्याने कळीला हात लावला नाही. त्याने फक्त 'नाही' म्हणण्याची किंमत वाढवून ठेवली. हात ज्याचा होता, प्रमुख कारण म्हणून नाव त्याचेच लागले.

'नाही' म्हणण्याचा हक्क

वैमानिकाला नकाराचा हक्क असावा, ही कल्पना कोणा मालकाच्या औदार्यातून निघालेली नाही. तिचा इतिहास संपाचा आहे. जुलै १९१९ मध्ये अमेरिकेच्या हवाई टपालसेवेतील दोन वैमानिकांनी न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क येथून दाट धुक्यात उड्डाण करण्यास नकार दिला. खात्याचे प्रमुख ओटो प्रेगर यांनी वॉशिंग्टनहून त्यांना बडतर्फ केले. इतर वैमानिकांनी काम बंद केले. त्या काळी टपाल वाहणाऱ्या वैमानिकांचे मृत्यू नित्याचे होते. संपाची मागणी पगाराची नव्हती, धुक्यात मरण्याची सक्ती नसावी, ही होती. काही दिवसांतच खात्याला तडजोड करावी लागली. हवामानाचा निवाडा दूरच्या कचेरीतून न होता उड्डाणाच्या जागीच व्हावा, हे तत्त्व तेथून पुढे आले. १९३१ मध्ये वैमानिकांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिने ब्रीद घेतले त्याचा आशय असा की, वेळापत्रक पाळावे, पण सुरक्षितता राखून.

आज मोठ्या प्रवासी विमान कंपन्यांत हा हक्क अनेक बाजूंनी बांधून घेतलेला आहे. दोन वैमानिक असतात आणि दुसऱ्याने पहिल्याला हटकावे, असे प्रशिक्षण त्यांना दिले जाते. अमेरिकेत जमिनीवरील नियोजक अधिकारी उड्डाणाला कप्तानाइतकाच जबाबदार असतो. दोघांपैकी एकाची संमती नसेल तर विमान निघत नाही. ठरावीक काळाने कृत्रिम उड्डाणयंत्रावर परीक्षा द्यावी लागते. पाठीशी संघटना असते. त्याचा परिणामही दिसतो. फेब्रुवारी २००९ नंतर जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे, अमेरिकी प्रवासी कंपन्यांच्या विमानांना डझनावारी माणसे दगावणारा एकही मोठा अपघात झाला नाही. त्याच देशात, त्याच आकाशात, खासगी व हौशी विमानांच्या अपघातांत मात्र दरवर्षी काही शे माणसे मरत राहिली. गुरुत्वाकर्षण दोघांना सारखेच आहे. फरक आहे तो व्यवस्थेचा.

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. खासगी विमान चालविणारा पुष्कळदा स्वतःच मालक असतो. त्याच्यावर कोणाचे दडपण? जॉन केनेडी यांचे चिरंजीव १६ जुलै १९९९ रोजी स्वतःचे लहान विमान घेऊन सूर्यास्तानंतर समुद्रावरील मार्थाज व्हिनयार्ड या बेटाकडे निघाले. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. रात्र काळोखी होती, धुरकट हवेत क्षितिज दिसत नव्हते. बेटाकडे खाली येताना त्यांचे दिशाभान हरपले आणि विमान समुद्रात कोसळले. तीन जण मृत्युमुखी पडले. येथे मालकाचा दाब नव्हता, हे खरे. परंतु दाब नव्हता तसा अडसरही नव्हता. सहवैमानिक नाही, नियोजक नाही, 'आज नको' असे म्हणण्याचा अधिकार असलेले कोणीही नाही. पैशाने विमान विकत मिळते. 'नाही' म्हणणारी व्यवस्था त्याबरोबर मिळत नाही. ती समाजाला नियमांनी आणि परंपरेने उभी करावी लागते, आणि नियम नको असणारा वर्ग नेमका तोच असतो जो त्यांच्याअभावी स्वतःच मरतो.

तो एकटाच मरत असता तर हा त्याचा खासगी प्रश्न म्हणता आला असता. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-९० हे लहान विमान मुंबईत घाटकोपरच्या दाट वस्तीत बांधकामाच्या जागी कोसळले. विमानातील दोन वैमानिक आणि दोन अभियंते मरण पावले. पाचवा मृत्यू रस्त्याने जाणाऱ्या पादचाऱ्याचा होता. बांधकामावरील मजूर जेवणासाठी बाजूला गेले होते, एवढ्या योगायोगाने आकडा पाचावर थांबला. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात, त्याची याहून स्पष्ट व्याख्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. त्या पादचाऱ्याने तिकीट काढले नव्हते, करार केला नव्हता, कोणत्याही उड्डाणाला संमती दिली नव्हती. ज्या वस्त्यांवरून ही विमाने उतरतात, त्या वस्त्याही या व्यवहारात एक पक्ष आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच.

शिक्षा की ज्ञान

मग चूक करणाऱ्याला मोकळे सोडावे काय? नाही. ॲस्पेनच्या कप्तानाने मर्यादा ओलांडली आणि त्यापायी सतरा इतर माणसे मेली. हे कोणत्याही दडपणाने पुसले जात नाही. जबाबदारी नाकारणे हा माणसाच्या कर्तेपणाचाच अपमान ठरेल. परंतु शिक्षा आणि ज्ञान यांची गल्लत करून चालत नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी जेट उतरण्याच्या तयारीत असताना डोंगरावर आदळले आणि ९२ माणसे मेली. चौकशीत निघाले की, सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान याच ठिकाणी याच गैरसमजुतीने डोंगराला थोडक्यात चुकवून गेले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. ते ज्ञान मात्र कंपनीच्या कुंपणाबाहेर गेले नाही. यातूनच १९७६ मध्ये अमेरिकेत अशी व्यवस्था सुरू झाली की, वैमानिकाने आपली अनवधानाने झालेली चूक नासा या तिऱ्हाईत संस्थेला कळवावी, त्याचे नाव गुप्त राहावे आणि प्रामाणिक कबुलीबद्दल त्याला दंड होऊ नये. चुकीची कबुली ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्यावर दंड बसविला की ती बाजारातून नाहीशी होते.

यावरून कार्यकर्त्यांनी स्वतःपाशी तीन प्रश्न बाळगावेत. विमानाचा असो, गिरणीचा असो वा गटारात उतरलेल्या सफाई कामगाराचा असो, कोणत्याही अपघाताच्या अहवालावर 'मानवी चूक' असा शिक्का दिसला की ते विचारावेत. पहिला : याच जागी यापूर्वी किती जण याच रीतीने चुकले? दुसरा : त्या क्षणी 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, आणि तो वापरला असता तर त्याला काय मोजावे लागले असते? तिसरा : ती किंमत कोणी ठरविली होती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेपाशी नेते, दुसऱ्याचे नोकरीच्या अटींपाशी, आणि तिसऱ्याचे अशा माणसापाशी नेते, जो अपघाताच्या जागी बहुधा हजर नसतो.

चौकशी अहवाल मिळवून वाचणे, त्यातील सहायक कारणांची यादी प्रमुख कारणाइतक्याच काळजीने तपासणे, आणि नकार देणाऱ्या कामगाराच्या पाठीशी त्याच दिवशी उभे राहणे, ही कामे त्यातूनच निघतात. १९१९ सालच्या त्या वैमानिकांना टपाल पोचविण्याचे कर्तव्य अमान्य नव्हते. धुके निवळल्यावर ते उडणारच होते. धुक्यात उडावयाचे की नाही, हे धुके पाहणाऱ्याने ठरवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शंभराहून अधिक वर्षांनंतरही अनेक ठिकाणी ते ठरवितो तो कचेरीत बसलेला माणूस, आणि अहवालात नाव लागते ते धुक्यात गेलेल्याचे.